शिक्कामोर्तब

माणसाला परदेशी जायचे तर पासपोर्ट लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्याआधी त्याच्या कागदांनाही एक पासपोर्ट काढावा लागतो, हे घरातले पोर निघाल्यावाचून कळत नाही. आमच्या सावेडीत हल्ली गल्लीआड एखादे पोर निघालेले असते; आणि मी पडलो मराठीचा प्राध्यापक, तेव्हा 'सर, एवढं वाचून सांगा' म्हणत पालक माझ्याकडे येतात.

कागदांच्या या पासपोर्टाचे नाव 'अपॉस्टिल'. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला. कागद परक्या वकिलातींतून फिरवण्यापेक्षा मूळ देशाने एकच दाखला जोडावा आणि करारातल्या इतरांनी तो मानावा, असे ठरले. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. तरी आमच्या पदवीपत्राची वाट लांबचीच: पडताळणी पुण्यास विद्यापीठात, राज्य सरकारची साक्ष मुंबईस आणि मग केंद्राचे परराष्ट्र मंत्रालय. करारात नसलेल्या संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशासाठी त्यापुढे वकिलातीची पायरी आहेच.

खरी गंमत पुढे आहे. त्या चौकोनी दाखल्यात दहा रकाने असतात. सही कोणाची, कोणत्या अधिकाराने केली, शिक्का कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते. आतला मजकूर खरा की खोटा, याविषयी मात्र तो दाखला अवाक्षर काढीत नाही!

पारनेरकडचे एक शेतकरी मुलीचे पदवीपत्र घेऊन आले होते. दुधाच्या पैशांवर तिला शिकवलेले. म्हणाले, "सर, सहीवर सही झाली. पण पोरीनं रात्री जागून काढल्या, ते यात कुठं लिहिलंय?"

मी त्यांना शिवकाळातली पत्रे सांगितली. माथ्यावर मुद्रा, शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही घुसडू नये. शिक्का कागदाची राखण करतो. खरेपणा ज्याचा त्याने आणायचा.

"म्हंजे कुंपण सरकारचं, पीक पोरीचं!" ते हसून म्हणाले. इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्या कोशात आढळलेली नाही.

तेव्हा वाचकहो, पोर निघणार असेल तर शिक्क्यांच्या मागे लागण्यापूर्वी सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे ना, ते पाहून घ्या. कुंपणाला काय, ते तणाचीही तितक्याच इमानाने राखण करते.