किल्ली पुढच्या हातात द्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या जावा-येझदीवाल्यांच्या मेळाव्याला अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला होता. एका लाल जावासमोर तो बराच वेळ उकिडवा बसून होता. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार. आत दाबून उभा केला की किक, पुढे आडवा पाडला की गिअर. त्याने हात पुढे केला आणि मालक खेकसले, "ए, हात लावायचा नाही!" पोरगा उठला, निघून गेला. मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही, याची बोच अजून आहे.

मैसूरच्या कारखान्यात १९६१ साली जावा बनू लागली, १९७३ पासून तिच्या टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आजच्या विशीतल्या मुलाच्या जन्माआधीच ही गाडी शोरूममधून गेलेली. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्याने बाजारात आली, त्याचा आनंदच आहे. पण ती इंजिनं फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर लावलेल्या आपल्या गाडीची विद्या त्यांच्यासोबत परत आलेली नाही. ती आपल्याच हातांत आहे, आणि आपले हात आता साठी-सत्तरीचे झाले.

मला टायमिंग शिकवलं ते एका मिस्त्रींनी, रस्त्याकडेच्या टपरीत. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या फटीत धरायचा आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. चिमटीतला कागद सैल सुटला, की त्या क्षणी पॉइंट उघडला, ठिणगी तिथेच पडणार. मग पिस्टन वर पोचायला किती मिलिमीटर बाकी आहे ते मोजायचं. पुस्तकात आकडा सापडतो, पण कागद सुटतो तो क्षण बोटांनाच कळावा लागतो. मिस्त्रींनी माझा हात धरून तो दहादा कळवला, एकदाही वैतागले नाहीत. गाडी मिसिंग मारतेय ती प्लगमुळे, कंडेन्सरमुळे की कार्बोरेटरमधल्या कचऱ्यामुळे, हे ते नुसतं ऐकून सांगत. आज ते नाहीत. त्यांच्या टपरीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. ताडपत्रीखाली दोन-तीन गाड्या झाकून ठेवणाऱ्यांनी त्यातली एक तरी एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला परवडेल अशा भावात, हप्त्याने का होईना, द्यावी. देताना कागद साफ करून द्यावेत. पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे, पण तशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. शिकणाऱ्याला तर रोज चालवायचीच असते. त्याच्यासाठी साध्या आरसीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण वेळेवर करून ठेवलेलं बरं.

आणि कुणाच्या गाडीला दुसऱ्याच मॉडेलचा मडगार्ड दिसला, तर चारचौघांत 'हे ओरिजिनल नाही' म्हणू नका. ज्याला जे मिळालं, ज्याच्या खिशाला जे झेपलं, ते त्याने बसवलं. गाडी चालू ठेवली, हे आधी बघा. योग्य मडगार्ड शोधायला पुढच्या रविवारी त्याच्यासोबत जुन्या बाजारात जा.

पोरांनो, पोरींनो, तुमच्याकडे गाडी नसली तरी या. मळके कपडे घालून या, आम्ही पाना हातात देऊ.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन असतो. या खेपेला प्रत्येकाने लायसन्स असलेल्या एका तरुणाला मागे बसवून आणावं, सोबत जादा हेल्मेट घ्यावं. परतताना आपण मागे बसावं. जुन्या जावाचा गिअर क्लच न दाबताही पडतो, ते त्याच्या पायालाच कळू द्या.