जनुक विष झाकील. किंमत कोण देणार?

वरवंडचा तलाव मुठेच्या कालव्यावर भरतो. जनाई-शिरसाई योजनेत तेथूनच पाणी उचलून जिराईत गावांकडे नेले जाते. म्हणजे या परिसराचे शेतीजीवन पुण्याच्या पाण्याशी बांधलेले आहे. शहराची तहान वाढली तसतसा शेतीचा वाटा आकसला. त्याची भरपाई म्हणून शहराचे वापरलेले पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून हवेली-दौंडकडील शेतीसाठी जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची योजना अमलात आली. टंचाईच्या काळात पाण्याचा फेरवापर योग्यच होय. परंतु शहराच्या सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळले, तर त्याबरोबर कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातूही येऊ शकतात. मैला कुजतो, धातू कुजत नाही; तो वर्षानुवर्षे जमिनीत साठत राहतो.

या संदर्भात जनुकशास्त्राने लावलेला शोध मननीय आहे. धातूला घट्ट धरून ठेवणारी फायटोकेलॅटिन नावाची द्रव्ये वनस्पती तयार करतात, हे म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखविले. ती घडविणारे जनुक १९९९ मध्ये गहू, मोहरीच्या कुळातील एक लहानशी वनस्पती आणि एक जातीचे यीस्ट यांत सापडले. बद्ध झालेला धातू पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे जणू तिच्या अडगळीच्या खोलीत, लोटणारी जनुकेही २०१० मध्ये वनस्पती व यीस्ट या दोहोंत ओळखली गेली.

यास निर्विषीकरण म्हणतात खरे. पण ते वनस्पतीपुरते. धातू नष्ट होत नाही, केवळ जागा बदलतो. पालेभाजीचे रोप हिरवेगार दिसेल आणि त्याच्या पानातील कॅडमियम खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात जाईल. जपानमधील जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातातून माणसांच्या शरीरात उतरले आणि इताई-इताई हा हाडांचा दारुण रोग उद्भवला. १९६८ मध्ये तेथील सरकारने त्याचे मूळ प्रदूषणात असल्याचे मान्य केले. पुढे २०१२ मध्ये एका जनुकातील बदलामुळे कॅडमियम फारसे न शोषणारा भात जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केला. दाणा वाचला, जमिनीतील धातू मात्र जागीच राहिला.

धातू शोषून घेणारी रोपे लावून जमीन शुद्ध करता येईल, असेही सांगितले जाते. त्यास अनेक हंगाम लागतात, आणि कापलेली रोपे पुन्हा विषारी कचराच ठरतात. तोवर शेतकऱ्याच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई कोणी करावयाची? अर्थशास्त्राचा प्रश्न येथेच उभा राहतो. सांडपाण्यावरील प्रक्रियेत वाचविलेला पैसा ही खरी बचत नव्हे. तो शेतकऱ्याच्या जमिनीवर आणि ग्राहकाच्या आरोग्यावर चढविलेला बोजा होय. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा तर १९७४ चा आहे.

उणीव आहे ती मोजमापाची. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद् आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. त्यात जस्त आहे, तांबे आहे. पण कॅडमियम, शिसे किंवा आर्सेनिक नाही. फेरवापराच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनींसाठी तरी ही तपासणी सक्तीची व्हावी आणि तिचा खर्च पाणी मलिन करणाऱ्यांकडून वसूल व्हावा. धातूला उगमाशीच अडविणे हा यातील सर्वांत स्वस्त उपाय होय. तो टाळून जनुकांच्या भरवशावर बसणे म्हणजे कर्ज फेडण्याऐवजी खतावणीचे पान उलटण्यासारखे आहे.