फौजीची मुलं आणि 'शिस्त' नावाचा गैरसमज

"तुझे बाबा आर्मीत ना? मग काय, शिस्त घरातच!" हे वाक्य न ऐकलेला एकही फौजीचा मुलगा किंवा मुलगी होस्टेलवर सापडणार नाही. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य असतंच, "डिफेन्स कोट्यातून आलीये ती!" म्हणजे पास झालो तर शिस्तीमुळे आणि केटी लागली तर कोट्यामुळे. मग आमचा अभ्यास गेला कुठे?

प्रवेशाच्या फॉर्मवर डिफेन्सचे तीन प्रकार असतात. डी-१ म्हणजे महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांची मुलं, डी-२ म्हणजे इथल्याच पण अजून नोकरीत असलेल्यांची आणि डी-३ म्हणजे बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्या बाहेरच्यांची. कागदावर शेजारी बसलेली ही मुलं प्रत्यक्षात फार वेगळी असतात. कर्नलसाहेबांच्या घरात इंजिनिअर काका-मामा असतात. शिपायाच्या मुलाला मात्र 'बॅकलॉग' म्हणजे काय हे समजावणारंही घरी कुणी नसतं. शिवाय जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत रिटायर होतो. मुलांच्या कॉलेजच्या फिया येतात त्या त्यानंतर, म्हणजे पेन्शनवर!

मग ही मुलं कशामुळे टिकतात? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, बदल्यांनी पाडलेली भोकं वेळेत बुजवणं. बदलीवाल्या पालकांच्या मुलांना सगळीकडे एकच अभ्यासक्रम मिळावा म्हणून १९६३ साली केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. मी बारावीपर्यंत पाच गावांत शिकले, त्यातल्या चार शाळा कॉन्व्हेंट. अकरावीत भर नोव्हेंबरात बदली झाली. जुन्या शाळेत इंटिग्रेशन व्हायचं होतं, नव्या शाळेत होऊन गेलं होतं! ते भोक थेट एम-वनच्या पेपरात उघडं पडलं. ते बुजवलं कुणी? शिस्तीने नव्हे, आमच्या मजल्यावरच्या एका सिनियर ताईने, रोज जेवणानंतर अर्धा तास बसून.

दुसरी, वेळेवर पैसे आणि वेळेवर माहिती. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. मुलांना महिना २,५०० रुपये, मुलींना ३,०००. बारावीला ६० टक्के लागतात. पण मेख अशी की नवा अर्ज पहिल्या वर्षीच करता येतो. दुसऱ्या वर्षी कळलं तर गाडी सुटलेली! आणि अर्जाला कॉलेजचं बोनाफाईड लागतं.

तिसरी, विचारायला हक्काचं माणूस. बाबा सीमेवर असतात, तिथे कधी रेंज नसते. आई घर एकटी सांभाळत असते. तिला अजून टेन्शन नको म्हणून आम्ही फोनवर "सगळं मस्त" म्हणतो. इथे शिस्तच उलटी नडते बरं का! 'रडायचं नाही' हे इतकं अंगात मुरलेलं असतं की डाउट विचारणंसुद्धा रडल्यासारखं वाटतं.

कुणी म्हणेल, अडचणी काय फौजींनाच असतात? शेतकऱ्याच्या, ऊसतोड कामगाराच्या मुलाला नसतात? असतात, कदाचित जास्तच. म्हणूनच मी वेगळी सवलत मागत नाहीये. सिनियर-ज्युनियर जोडी लावली तर फायदा सगळ्यांचाच होईल. अमेरिकेत कितीतरी कॉलेजांत माजी सैनिक विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑफिस असतं. आपल्याला ऑफिस नको, एक टेबल आणि एक सर किंवा मॅडम पुरे.

हे आत्ताच करायला हवं, कारण २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीचे ऐन पंचविशीच्या आत-बाहेर घरी परततात. त्यातले काही उद्या आपल्याच वर्गात बसणार. त्यांनाही आपण "तुला काय, शिस्त आहेच" एवढंच सांगणार का?

तेव्हा ऑफिसला विनंती, ती शिष्यवृत्तीची नोटीस पहिल्या सेमिस्टरलाच मेसच्या दारावर लावा. तिथे सगळे वाचतात! आणि मित्रांनो, पुढच्या वेळी फौजीच्या पोराला "कोट्यातून ना?" असं विचारण्याआधी "कुठला चॅप्टर राहिलाय?" असं विचारा. उत्तर नक्की मिळेल.