पुढील साथीपूर्वी वसतिगृहाचा आराखडा

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे कौतुक व्हावे, देणगीदारांचे ऋण मानले जावे, ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. आपल्या निवासी शाळेने या परिसरातील कष्टकऱ्यांच्या मुलांना काय दिले, हे सांगणारे लेख याच अंकात वाचकांना मिळतील. मी मात्र एका न लिहिल्या गेलेल्या कागदाविषयी लिहिणार आहे. उद्या पुन्हा साथ आली तर आपले वसतिगृह नेमके काय करील, हे सांगणारा तो कागद.

मार्च 2020 च्या मध्यात राज्यातील शाळा बंद झाल्या. त्या आदेशाच्या मनात जी शाळा होती, ती सकाळी भरणारी आणि सायंकाळी सुटणारी शाळा होती. त्या शाळेतला मुलगा घरी राहिला म्हणजे सुरक्षित झाला, हे त्यात गृहीत होते. निवासी शाळेच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. आपल्या मुलाची शाळा म्हणजे त्याचे दोन वेळचे जेवण, त्याची खाट, त्याची अभ्यासिका आणि पुष्कळदा त्याला लाभलेले पहिले शांत घर. त्याला ‘घरी जा’ म्हटले की तो उल्हासनगरच्या कॅम्पातील दहा बाय बाराच्या खोलीत परततो. त्या खोलीत सहा माणसे असतात. वडील जीन्सच्या कारखान्यात तुकड्यावर काम करणारे किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, आई धुणीभांडी करणारी. टाळेबंदीत या सर्वांची मजुरी एकाच दिवशी थांबली.

18 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्यांना विचारले की, शाळा बंद असताना मुलांच्या मध्यान्ह भोजनाचे काय? प्रश्न मोलाचा होता. परंतु मध्यान्ह भोजनाची योजना आठवीपर्यंतची. वसतिगृहात जेवणारी नववी-दहावीची मुलगी त्या प्रश्नाच्या कक्षेतही नव्हती. वाढत्या वयाच्या मुलीला घरात भाकरी मोजून मिळते तेव्हा पुढे काय होते, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. तिचे शिक्षण प्रथम थांबते आणि लग्नाची बोलणी त्यानंतर सुरू होतात.

मग मुलांना वसतिगृहातच ठेवायचे काय? काही पालक आजही तसे म्हणतात. त्यांनी देगावची घटना आठवावी. फेब्रुवारी 2021 मध्ये वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातल्या देगाव येथील निवासी शाळेत 229 विद्यार्थी बाधित आढळले. त्याच वर्षाच्या अखेरीस पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात पन्नासहून अधिक मुले बाधित झाली. एकाच दालनात ओळीने लावलेल्या खाटा, एकच भोजनगृह, सामाईक न्हाणीघर, एवढे साथीला पुरेसे असते. म्हणून ‘सर्वांना घरी’ किंवा ‘सर्वांना आत’ ही दोन्ही उत्तरे मला आळशीपणाची वाटतात. प्रत्येक मुलागणिक निर्णय घ्यावा लागेल, आणि तो साथ आल्यावर दोन दिवसांत घेता येत नाही. त्याची माहिती शांततेच्या काळात जमवलेली असावी लागते.

प्रवेश घेताना आपण जातीचा दाखला, जन्मतारीख, मागील गुणपत्रक घेतो. घरात किती माणसे, खोल्या किती, नळ घरात की गल्लीत, कोणाला क्षयरोग किंवा दमा आहे काय, मुलाला परत नेणारे कोणी आहे की नाही, हे आपण विचारत नाही. प्रत्येक वसतिगृहात चार-दोन मुले अशी असतातच की ज्यांना परतायला घर नाही. त्यांच्यासाठी वसतिगृहाचा एक भाग कोणत्याही परिस्थितीत चालू राहील, त्यांच्यासोबत कोणते अधीक्षक आणि कोणती स्वयंपाकीण राहील, त्यांना वेतन कशातून मिळेल, हे आजच नावानिशी ठरवावे. आजारी मुलासाठी स्वतंत्र शौचालय असलेल्या दोन खोल्या राखाव्यात. एरवी त्या खोल्यांत जुने बाक आणि क्रीडासाहित्य कोंबण्याचा मोह होतो, तो टाळावा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा अंबरनाथचे छाया रुग्णालय यांपैकी कोठे आणि कोणत्या वाहनाने न्यायचे, हेही कागदावर हवे.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदा. मुले तिन्ही शहरांतून येतात, शिक्षकही. 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्याची मुभा शासनाने दिली, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. 4 ऑक्टोबर 2021 पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले, शहरी भागात आठवीपासूनचे. म्हणजे बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातील पाचवीचा मुलगा शाळेत, आणि शहरातील त्याचा आतेभाऊ घरात! शिवाय आपले दळणवळण लोकलवर अवलंबून. मार्च 2020 मध्ये बंद झालेली लोकल सर्वसामान्यांसाठी 1 फेब्रुवारी 2021 रोजी खुली झाली, तीही ठराविक वेळांतच. रेल्वेने येणाऱ्या शिक्षकांवर आधारलेला कोणताही आराखडा पहिल्याच आठवड्यात कोसळेल. कोणता शिक्षक कोणत्या वस्तीपर्यंत पायी पोहोचू शकतो, याची यादी अधिक उपयोगाची.

ऑनलाइन शिक्षणाविषयी थोडक्यात. घरात एक मोबाईल, तो वडिलांच्या खिशात, आणि भावंडे तीन, यापुढे कोणतेही ॲप चालत नाही. त्या काळात मला सर्वाधिक उपयुक्त वाटली ती 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेलेली ‘टिलीमिली’ मालिका, कारण तिला स्मार्टफोन लागत नव्हता. पण ती पहिली ते आठवीसाठी होती आणि शंका विचारायला समोर कोणी नव्हते. 2021 मध्ये दहावीची परीक्षा झालीच नाही आणि निकाल 99.95 टक्के लागला. त्या निकालाने पेढे वाटले गेले. अकरावीत त्या मुलांना काय येत होते, हे त्यांच्या शिक्षकांना विचारावे.

आपल्यापाशी मात्र एक साधन आहे, ते म्हणजे वस्तीतील बुद्धविहार. कॅम्प एक ते पाच, अंबरनाथची पूर्व-पश्चिम, बदलापूरच्या वसाहती, जेथे आपली वस्ती तेथे विहार आहे, आणि तो दिवसाचा बराच काळ रिकामा असतो. दहा मुले, अंतर राखून, उघड्या खिडक्या, दोन तास, एक माजी विद्यार्थी. साथ ओसरू लागताच एवढ्यावर वर्ग चालू शकतो. कडक बंदीच्या काळात तेथूनच शिधा आणि आठवड्याच्या अभ्यासपत्रिका देता येतील. विहार समित्यांनी यासाठी ठराव करून ठेवावेत. अडचण किल्लीची असते, हे समित्यांचे राजकारण जाणणाऱ्यांना ठाऊक आहेच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक नोंद. मार्च 2020 मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो 1897 चा, प्लेगच्या वर्षीचा. अवघ्या चार कलमांचा तो कायदा, त्यात शाळेचा उल्लेखही नाही. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. त्यांच्या त्यागाचा आधार घेऊन कोणी अधीक्षकांना किंवा स्वयंपाकिणीला मुखपट्टी आणि विम्याशिवाय रुग्णसेवेत लोटू नये, एवढे बजावणे मला आवश्यक वाटते.

आणि संकट विषाणूचेच येईल असे नाही. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीने बदलापुरात काय केले, ते पाहिलेले पालक आज याच अंकाचे वाचक आहेत. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस येतो, गढूळ पाण्याने कावीळ येते, रासायनिक कारखान्यांतून वायुगळती होऊ शकते. विलगीकरणाच्या खोल्या, मुलागणिक माहिती, पायी पोहोचणारे शिक्षक आणि विहाराची किल्ली तेव्हाही लागेल.

माजी विद्यार्थी मंडळाने या वर्षी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी निधी गोळा करण्याचे योजिले आहे. माझी सूचना अशी की, कमान एक वर्ष थांबावी. त्या निधीतून दोन खोल्या, तीन महिन्यांच्या शिध्याची राखीव रक्कम आणि माहितीची नोंदवही एवढे करावे. नोंदवहीचे रकाने मी आखून दिले आहेत. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, त्यापूर्वी ती कार्यालयात असावी.