शेवटच्या कडव्यातलं नाव

२०२२ साली चौदा एप्रिल रमजानात आला होता. तरावीह आटोपून मी कल्याण पूर्वेला घरी परतत होतो, तर नाक्यावर मिरवणूक अडकलेली. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, निळा गुलाल, आणि एक गाणं जे मला लहानपणापासून पाठ आहे. बाबासाहेबांना उद्देशून त्यात म्हटलंय की तुमच्या मताची नुसती पाच माणसं जरी निघाली असती, तरी गोष्ट वेगळी झाली असती. म्हणजे ही तक्रार आहे. आपल्याच माणसांना काढलेला चिमटा आहे. आणि पोरं त्यावर नाचत होती. नाचू देत, वर्षातून एक रात्र असते. पण राहवलं नाही म्हणून एकाला विचारलं, "गाणं कुणाचं रे?" त्यानं रिमिक्स गाणाऱ्याचं नाव सांगितलं. "आणि लिहिलं कुणी?" तो म्हणाला, "त्यांनीच असेल ना, काका."

त्यांनी नाही. ते वामनदादा कर्डकांनी लिहिलंय. गंमत म्हणजे ते वर्ष वामनदादांच्या जन्मशताब्दीचं होतं. १९२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. मुंबईत येऊन त्यांनी गिरणीत काम केलं, कोळसा वाहिला, चिक्की विकली. शिवडीच्या बीडीडी चाळीत कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून दाखवायला आणलं आणि त्यांना वाचता येईना. ती शरम त्यांनी मनाला लावून घेतली. मोठ्या वयात देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी गिरवली, मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. त्यानंतर सहा दशकं हा माणूस गावोगाव फिरून गात राहिला.

त्यांना 'भीमशाहीर' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. टाटा-बिर्लांकडे आपल्या वाट्याचा हिशोब मागणारं गाणं त्यांचं, आणि 'सांगत्ये ऐका' या १९५९च्या तमाशापटातलं ठसकेबाज गाणंही त्यांचंच. डोंबिवलीत एका जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात ते मी ऐकलं. (डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात, आमच्या कल्याणला जंक्शन.) निवेदकांनी चित्रपटाचं नाव सांगितलं, संगीतकार वसंत पवारांचं सांगितलं, कवीचं राहून गेलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मंचावर चौदा एप्रिलचं गाणं म्हटलं असतं तर त्यातले किती जण टाळ्या वाजवायला थांबले असते, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही. इथे विचारतो.

मला मात्र वामनदादांमध्ये वेगळंच काही ओळखीचं दिसतं. ते पाच माणसांचं गाणं नीट ऐका. 'असते' हा रदीफ, त्याच्या आधी दर वेळी नेमका बसलेला काफिया. ही गझलची बांधणी आहे. मराठी गझलेचा विषय निघाला की आपण सुरेश भटांचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. पण भटांपेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला हा गिरणीकामगार रदीफ-काफिया कुठून शिकला? माझा अंदाज आहे, कव्वालीच्या मंचावरून. त्या काळच्या मुंबईत उर्स, जयंती, लग्न यांच्या मंडपात कव्वाली चालायची आणि ऐकणारे फक्त मुसलमान नसायचे. ज्यांच्या आवाजानं पंढरीची वाट घराघरांत पोहोचली, ते आमच्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे सुरुवातीला इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरस म्हणायचे. हे सांगितलं की दोन्हीकडचे लोक चकित होतात. चकित होण्यासारखं खरं तर काही नाही. चाळीच्या भिंती तेवढ्याच पातळ होत्या.

आणि कव्वालीतला एक रिवाज वामनदादांनी शेवटपर्यंत पाळला. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस घालतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी अभंगात आपलं नाव गुंफलं, तुकोबांनी गुंफलं. तसंच वामनदादांच्या गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. ज्याच्याकडे छापखाना नाही, रेकॉर्ड कंपनी नाही, करारपत्र नाही, त्याची सही ही एवढीच. गाणं कुणीही न्यावं, कुठेही गावं, सही त्याच्या पोटात राहते.

डीजेवर नेमकं तेच कडवं कापलं जातं. धुवपद, एक अंतरा, ढोल, परत धुवपद, पुढचं गाणं. कुणी दुष्टपणानं करत नाही. मिरवणुकीत पाच कडवी कोण ऐकणार? पण शेवटचं कडवं गेलं की वामनही जातो. मग ट्रकजवळच्या पोराचं काय चुकलं?

इथे कुणी म्हणेल, दादांनी स्वतःच तर गाणी वाटली. खरं आहे. मागेल त्याला ती उतरवून द्यायचे. गायकांनी ती आपल्या आवाजात गायली म्हणून ती जिवंत राहिली, हेही खरं. माझी तक्रार गायकांवर नाही. दादांपेक्षा कितीतरी गोड गळे त्या गाण्यांना लाभले, आणि त्या गळ्यांनी पोटंही भरली. भरावीत. पण कव्वाल खुसरोचा कलाम गातो तेव्हा खुसरोचं नाव गिळत नाही. उलट मक्ता आला की आवाज चढवतो, हात वर करतो, कारण त्याला माहीत असतं की उधारीचा माल आहे आणि मालकाला सलाम ठोकायची हीच जागा आहे.

आमच्या शेजारी एक काका राहायचे, तरुणपणी गायन पार्टीत पेटीवर बसलेले. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती, वामनदादांच्या गाण्यांनी भरलेली, शाई उडालेली. माझे अब्बा आणि ते गच्चीवर बसले की आधी अब्बांची कव्वालीची कॅसेट वाजायची, मग काकांची वही उघडायची. काका "गीत वामनदादांचं" म्हटल्याशिवाय सूर लावायचे नाहीत. ऐकायला आम्ही दोघंतिघंच असलो तरी. मे २००४ मध्ये वामनदादा गेले, पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे. त्या पावसाळ्यात काकांनी वही बरेच दिवस उघडली नाही.

त्या रमजानच्या रात्री मी त्या पोराला म्हटलं, शेवटचं कडवं येतं का? नाही म्हणाला. मला येत होतं. भर नाक्यावर, टोपी घातलेली, मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते म्हटलं, बेसूर. स्पीकरच्या आवाजात त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. पण 'वामन' ऐकल्यावर त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "काका, परत एकदा बोला, लिहून घेतो."