घरचा हिशेब : न उरणारे अकरा हजार

उत्पन्न बरे आहे, व्यसन नाही, उधळपट्टी नाही, तरीही महिन्याची वीस-बावीस तारीख उजाडली की हात आखडतो, असे सांगणारी घरे अलीकडे पुष्कळ दिसतात. अशा घरांपुढे बचतीचे महत्त्व सांगून उपयोग नसतो. ते त्यांना पाठच असते. आजीने धान्याच्या डब्यात नोटा जपल्याचे त्यांनी पाहिलेले असते. त्यांना हवा असतो तो त्यांच्याच घराचे आकडे त्यांच्यासमोर मांडणारा, घाई न करणारा आणि ऐकलेले बाहेर न बोलणारा माणूस. मोठ्या शहरांत या कामाला आता ‘मनी कोचिंग’ असे नाव मिळाले असून त्याचे शुल्कही घेतले जाते. नाव नवे, काम जुने. पूर्वी पेढीवरचे मुनीम किंवा घरातले एखादे वडीलधारे काका ते सहज करीत. कुटुंबे विभागली, पगार परस्पर खात्यात जमा होऊ लागला आणि विचारावे कोणाला, हा प्रश्न मागे उरला.

हे काम गुंतवणुकीच्या सल्ल्याहून वेगळे आहे. कोणता शेअर घ्यावा, कोणत्या योजनेत पैसे गुंतवावेत, हे तेथे सांगितले जात नाही. हातात आलेला रुपया घरात कोणत्या वाटेने फिरतो, एवढेच तेथे पाहिले जाते. ऐकताना हे क्षुल्लक वाटते; कागदावर मांडले की तसे राहत नाही.

एका घराचे चित्र पाहावे. ते उदाहरणादाखल रचलेले आहे, परंतु त्यातील आकड्यांची ठेवण अनेकांना ओळखीची वाटेल. सांगलीतील नोकरदार पती, घर सांभाळणारी पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि वृद्ध आई. हाती येणारा पगार ४२,००० रुपये. घरकर्जाचा हप्ता १२,०००. किराणा, दूध, भाजी व गॅस ११,५००. वीज, फोन व पेट्रोल ५,५००. आईची औषधे २,०००. बेरीज ३१,०००. म्हणजे दरमहा ११,००० रुपये उरावयास हवेत, आणि ते उरत नाहीत. पतीला वाटते, पत्नीच्या हातून खर्च होतो. पत्नीला वाटते, हे काहीतरी सांगत नाहीत. दोघेही तसे बोलून दाखवीत नाहीत, आणि त्या न बोलण्यानेच घर अवघडत जाते.

चांगला सल्लागार अशा दांपत्याकडे पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागतो : खात्याचा बारा महिन्यांचा उतारा. एका महिन्याच्या हिशेबात घर पूर्ण दिसत नसते. बारा महिने ओळीने वाचले की शाळेची फी ३६,०००, विम्याचा हप्ता २२,०००, दिवाळी १८,०००, लग्नकार्यांतील आहेर व प्रवास ११,०००, घरपट्टी ५,००० आणि दुचाकीचा विमा ४,००० असे खर्च सापडतात. त्यांची बेरीज ९६,०००. बाराने भागता दरमहा ८,०००. या खर्चांना घरोघरी ‘मध्येच उपटलेला खर्च’ म्हणण्याची रीत आहे. वास्तविक दिवाळीची तारीख दिनदर्शिकेत वर्षभर आधी छापलेली असते आणि शाळाही दरवर्षी जूनमध्येच उघडते.

अकरातून आठ गेले, तीन हजार राहिले. येथे सल्लागाराने गप्प बसावे. त्या शांततेत पती खिशातून घडी घातलेला कागद काढतात. ते क्रेडिट कार्डाचे बिल असते. आदल्या वर्षी जूनमध्ये फी आणि विम्याचा हप्ता एकत्र आला, पाठोपाठ आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. सारे कार्डावर गेले. बाकी ६०,००० रुपये. दरमहा किमान रक्कम म्हणून ३,००० रुपये ते भरीत आहेत आणि त्यामुळे आपण देणे फेडीत आहोत, अशी त्यांची समजूत आहे.

“अहो, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुला उगाच काळजी नको म्हणून.”

हा वाद मिटविणे सल्लागाराचे काम नव्हे आणि त्याने त्यात पडूही नये. त्याने कागद पुढे ओढून दोघांना हिशेब करून दाखवावा. दरमहा ३.५ टक्के दराने ६०,००० वर व्याज २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३७८ रुपये. एकूण २,४७८. म्हणजे भरलेल्या ३,००० पैकी मुद्दलात जातात फक्त ५२२ रुपये. दरमहा बाकीच्या ५ टक्के एवढीच रक्कम भरत राहिल्यास पाच वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक देणे शिल्लक राहते. शिवाय बिल पूर्ण न भरल्यास बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढू लागते. ‘किमान देय रक्कम’ हे शब्द बिलावर ठळक छापलेले असतात. त्यांचा अर्थ इतका ठळक नसतो.

त्याच घरात पत्नीच्या नावे १,००,००० रुपयांची मुदत ठेव आहे. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून माहेरून मिळालेल्या आणि घरखर्चातून वाचविलेल्या पैशांची. तिला हात लावायचा नाही, असा नेम. साडेसहा टक्क्यांनी ती वर्षाला ६,५०० रुपये मिळविते, आणि कार्डाचे देणे तेवढ्याच काळात व्याज व कर मिळून तीस हजारांच्या आसपास नेते. एका कपाटात ठेव आणि दुसऱ्या कप्प्यात देणे, अशी ही स्थिती फार घरांत असते. ठेव पवित्र मानली जाते, म्हणून तिची तुलना देण्याशी कोणी करीतच नाही.

ठेव मोडण्याची गरज नसते. तिच्यावर बँक कर्ज देते, आणि त्याचा दर बहुधा ठेवीच्या दराहून एक-दोन टक्केच अधिक असतो. साडेसात टक्के धरल्यास ६०,००० वर पहिल्या महिन्याचे व्याज ३७५ रुपये होते. तेच ३,००० रुपये दरमहा भरले तर बाविसाव्या हप्त्याला कर्ज संपते आणि ठेव जागेवर राहते. गणित सोपे आहे. निर्णय तितका सोपा नाही. ठेव पत्नीची आहे, कर्ज तिच्या सहीने निघणार आहे आणि देणे तिच्यापासून लपविलेले होते. अशा वेळी ‘करून टाका’ असे म्हणणारा सल्लागार आकड्यांत बरोबर असला तरी घराचे नुकसान करतो. तिने आठ दिवस मागितले तर ते द्यावेत. त्या आठ दिवसांच्या व्याजापोटी साडेसहाशेच्या आसपास रुपये जातील. तेवढे गेलेले बरे.

ती होकार देते, पण दोन अटी घालते. कार्ड बँकेत कळवून बंद करायचे आणि दर महिन्याचा उतारा दोघांनी मिळून वाचायचा. या दोन्ही अटी कोणत्याही सल्लागाराच्या सूचनेपेक्षा सरस आहेत.

राहिले ते वार्षिक खर्चाचे ८,०००. पगाराच्या दिवशीच ते दुसऱ्या खात्यात वळवावेत. त्या खात्याचे एटीएम कार्ड किंवा यूपीआय जोडणी घेऊ नये. सुरुवात जूनची फी भरून झाल्यावर, जुलैपासून करणे सोयीचे. दिवाळी, आहेर, घरपट्टी व दुचाकीचा विमा मिळून ३८,००० मधल्या काळात त्यातून गेले तरी पुढील जूनचा पगार येताच त्या खात्यात ५८,००० असतात. फी आणि विम्याचा हप्ता मिळून रक्कम तेवढीच आहे. कार्ड काढावे लागत नाही.

दुकानदार घरांची अडचण थोडी निराळी. तेथे पगार नसतो, गल्ला असतो. भाजीला, शाळेच्या सहलीला, पाहुण्यांच्या मिठाईला गल्ल्यातून नोट निघते आणि ती कोठेच लिहिली जात नाही. दिवाळीला वहीपूजन थाटात होते. त्या वहीत घरखर्चाचे खाते मात्र कोरे असते. जुन्या व्यापाऱ्यांनी घरासाठी काढलेली प्रत्येक रक्कम घरखर्च खाती नावे टाकण्याची शिस्त पाळली, ती यासाठीच. दर सोमवारी ठरावीक रक्कम घरी द्यावी आणि मध्ये गल्ल्याला हात लावू नये. असे केले की दुकान कमी चालते की घर जास्त खाते, याचे उत्तर तीन महिन्यांत मिळते. सणासमारंभात उत्साहाने जाहीर केलेली देणगीही याच खात्यात लिहावी. ती दुकानाचा खर्च नव्हे.

असा मार्गदर्शक कोठे मिळतो, हे पाहिले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँका वित्तीय साक्षरता केंद्रे चालवितात. तेथे शुल्क घेतले जात नाही. आपल्या जिल्ह्यातील केंद्राचा पत्ता अग्रणी बँकेच्या कार्यालयात मिळतो. शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यास सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. केवळ घरखर्चाचा हिशेब शिकविण्यास मात्र अशी नोंदणी लागत नाही. त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो, आणि पाटीआड विमा किंवा योजना विकणारा प्रतिनिधीही असू शकतो. प्रतिनिधी असणे गैर नाही. ते न सांगणे गैर आहे. म्हणून पहिल्याच भेटीत, “आपले पैसे आम्ही देणार की एखादी कंपनी?” असे सरळ विचारावे. दुसऱ्या भेटीत पॉलिसीचा अर्ज पुढे आला तर तिसरी भेट ठरवू नये.

भेटीस पती-पत्नीने मिळून जावे. बारा महिन्यांचा उतारा, चालू कर्जांचे कागद, विम्याच्या पावत्या आणि असल्यास सोनेतारण कर्जाची पावतीही बरोबर न्यावी. ती पुष्कळदा घरीच राहते. पिन, ओटीपी किंवा सही केलेला कोरा धनादेश कोणासही देऊ नये. हिशेब पाहण्यास छापील उतारा पुरतो, आणि काम झाल्यावर तोही परत मागून घ्यावा.