किल्ट चालतो, लुंगी चालत नाही

ऑक्टोबर संपत आला की हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या ऑफिसांत एचआरचे मेल सुरू होतात. दिवाळीचा ‘एथनिक डे’ आणि ३१ तारखेचं हॅलोविन, कधीकधी तर एकाच आठवड्यात दोन्ही. प्लास्टिकचे भोपळे आणि आकाशकंदील एकाच पँट्रीत लटकतात. मला त्याचा त्रास नाही. मला त्रास आहे तो त्या दिवशी कुणाच्या कपड्यांना हसायचं आणि कुणाच्या नाही हे ठरवण्याच्या पद्धतीचा.

आमच्याकडे गेल्या हॅलोविनला टीममधला एकजण किल्ट घालून आला. ड्रेपरीवाल्याकडे किल्ट मिळत नाही. तिथे मिळतात शिवाजी महाराज, मावळे, नारद आणि ‘आदिवासी’. म्हणून त्याने चौकड्याचं लोकरी कापड आणून शिंप्याकडून पाठीमागे चुण्या घालून घेतल्या. खर्च आणि मेहनत दोन्ही केली. ऑफिसात शिरल्यावर पहिला प्रश्न, “बहिणीचा स्कर्ट का रे?” दुसरा, “आत काय घातलंयस?” तिसऱ्याने प्रश्नच विचारला नाही, सरळ मोबाइल गुडघ्याखाली धरला. मॅनेजर हसत होते. हाच प्रकार एखाद्या मुलीच्या बाबतीत झाला असता तर संध्याकाळपर्यंत समिती बसली असती, आणि बसायलाच हवी. २०१३चा कायदा फक्त स्त्रियांच्या तक्रारीसाठी आहे, पण कंपनीला आपल्या पॉलिसीत पुरुषांचा समावेश करायला कोणी अडवलेलं नाही. इथे मात्र त्याला ‘फनिएस्ट कॉस्च्युम’चं गिफ्ट व्हाउचर देऊन विषय मिटवला.

आता त्या ‘फनी’ कपड्याबद्दल थोडं. १७४५-४६चं जॅकोबाइट बंड कलोडनच्या लढाईत चिरडल्यावर ब्रिटिश पार्लमेंटने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना किल्ट आणि टार्टन घालायला बंदी केली. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. ही बंदी १७८२पर्यंत टिकली. सूट होती ती सरकारच्या फौजेत भरती होणाऱ्यांना. म्हणजे स्वतःच्या गावात घातलास तर गुन्हेगार, आमच्यासाठी लढताना घातलास तर शूर. अशाच हायलँडर पलटणी पुढे इथे आल्या. १८०३मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीने ७४वी आणि ७८वी हायलँडर उभ्या केल्या होत्या. त्यांची बॅगपाइप आपल्या लष्कराने स्वातंत्र्यानंतरही ठेवली. ती परेडमध्ये वाजते तेव्हा आपली छाती फुगते. तेव्हा नाही कोणाला स्कर्ट आठवत.

आणि कापडाचं म्हणाल तर नीट शिवलेल्या पूर्ण किल्टला आठ वार लागतं. नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी.

दुसऱ्या बाजूला संस्कृतीरक्षक काका आहेत. फॅमिली ग्रुपवर त्यांचा फॉरवर्ड ठरलेला, ‘भुताखेतांचा हा परकीय सण आपल्यात कशाला?’ काका, कोकणात शिमग्याला सोंगं निघतात, पुरुष लुगडं नेसून नाचतात, दारोदार पोस्त मागतात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून रात्र जागवतात. स्कॉटलंड-आयर्लंडमध्येही पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरायची, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. तिथून लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाचा भोपळा झाला. राहिला मेलेल्यांचा विषय, तर २ नोव्हेंबरला वसईतल्या दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या बघा. ती माणसं मराठीच बोलतात. सर्वपित्री अमावस्येला आपण कोणाला जेवायला बोलावतो, हेही एकदा आठवा.

तरी काकांपेक्षा माझं जास्त भांडण एचआरशी आहे. ‘एथनिक डे’ला काय चालतं? शेरवानी, जोधपुरी, नेहरू जॅकेट. माझे आजोबा आयुष्यभर धोतर, सदरा आणि टोपीत वावरले, शेरवानी त्यांनी फक्त सिनेमात पाहिली असेल. आमच्या ड्रेस कोडच्या पीडीएफमध्ये चालणार नाहीत अशा कपड्यांची यादी आहे, तिच्यात शॉर्ट्सच्या शेजारी ‘लुंगी’ लिहिलंय. टीममधला तमिळ मित्र पोंगलला पांढरी, जरीकाठी वेष्टी नेसून आला तर गेटवर सिक्युरिटीने वीस मिनिटं थांबवलं. किल्टवाल्याला त्याच गेटवर सलाम मिळाला होता, कारण मेलमध्ये ‘कॉस्च्युम’ असं लिहिलं होतं. कपडा नाटकातला असेल तर आत या, रोजचा असेल तर बाहेर थांबा.

हे फक्त आमच्या गेटवर घडत नाही. २०१४मध्ये चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबने वेष्टी नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना आत घेतलं नाही. तमिळनाडूने त्याच वर्षी अशा अडवणुकीविरुद्ध कायदाच केला. जुलै २०२४मध्ये बंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला सिनेमाचं तिकीट असूनही परत पाठवलं, आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. महाराष्ट्रात असा कायदा नाही. पुण्यातल्या मॉलमध्ये धोतरातले आजोबा क्वचितच दिसतात. त्यांना कोणी अडवलं म्हणून दिसत नाहीत की ते स्वतःच बिचकतात, हे मॉलवाल्यांनी एकदा विचारून तरी पाहावं.

आता कोणी म्हणेल, मग दुसऱ्याचे कपडे घालूच नयेत का? घालावेत की! १८८८मध्ये ह्याच पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी होती. आमंत्रितांमध्ये जोतीराव फुले होते. ते स्वतः कंत्राटं घेणारे, बऱ्या स्थितीतले गृहस्थ. तिथे गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहून त्यांनी ड्यूकला सांगितलं की हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा बघायची तर खेड्यात जा. शब्दशः बघाल तर तोही एक कॉस्च्युमच. पण ज्याचा वेश त्याची बाजू त्यांनी भर दरबारात मांडली, त्याची खिल्ली उडवली नाही. उलट आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये पोरांच्या कमरेला पानं बांधून, तोंडाला काळं फासून ‘आदिवासी’ बनवतात, टाळ्या पडतात, आणि प्रेक्षकांत बसलेल्या वारली किंवा कातकरी आईबापांना काय वाटत असेल हे विचारायला कोणी जात नाही. ड्रेपरीवाल्याच्या यादीतून सगळ्यात आधी काय जायला हवं असेल तर ते हे.

किल्ट राहू द्या. यंदा पुन्हा घालायचा असेल तर त्या मित्राने घालावा, आणि मोबाइल खाली धरणाऱ्याचं नाव मी लेखी देईन. पीडीएफमधला ‘लुंगी’ हा शब्द काढा. त्याला कायदा लागत नाही, समिती लागत नाही, डिलीटचं एक बटण लागतं. पुढच्या पोंगलला आम्ही चौघं वेष्टी नेसून येणार आहोत. चौघांत तमिळ एकच आहे.